सुंदरामावशीची नववी आज्ञा

सुंदरामावशींना आम्ही आया मागून 'दहा आज्ञा' म्हणायचो. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की आमच्यातली कुणीतरी पुटपुटायची, "आल्या गं दहा आज्ञा," आणि आम्ही पदर खोचून पटापट कामाला लागायचो. हे नाव मीच काढलं होतं. तेव्हा त्यांच्याबद्दल सांगायचं झालं तर तेही मलाच सांगायला पाहिजे.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाळंतपणाचं एक छोटं हॉस्पिटल होतं. दोन मजले, बारा खाटा, चार आया. डॉक्टर अनुपमा मॅडम बायकांचं बघायच्या आणि त्यांचे मिस्टर श्यामसुंदर साहेब बाकी सगळं बघायचे, म्हणजे मुख्यतः आमच्यावर ओरडायचे. सुंदराबाई भिंगारदिवे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. बुटक्या, रुंद, मोकळ्या कपाळाच्या. पांढरी सुती साडी आणि कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. हॉस्पिटलच्या मागे पंपाच्या खोलीला लागून साहेबांनी त्यांना एक खोली दिली होती. तिथे त्या, त्यांचा मुलगा राजाराम, सून आणि दोन नातवंडं राहायची. राजाराम मरोळला लेथ मशीनवर होता. आम्ही ख्रिस्ती दोघीच, मावशी आणि मी. म्हणून माझ्यावर त्यांचा जरा जास्तच डोळा असायचा.

नियम तर विचारूच नका. मुलगा झाला की मुलगी, हे आधी आईला सांगायचं, बाहेर बसलेल्या गोतावळ्याला नंतर. आई शुद्धीवर नसेल तर बाहेरच्यांनी थांबायचं, मग तिथे सासरा येरझाऱ्या घालून थकला तरी चालेल. आणि सगळ्यात कडक नियम अंघोळीचा. एका वेळी एकच पोर. पाळण्यातून उचलायचं, न्हाऊ घालायचं, पुसायचं, आईजवळ नेऊन ठेवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. पोराच्या मनगटावर चिकटपट्टीचा तुकडा असायचा, त्यावर बॉलपेनने आईचं नाव. तेलापाण्याने ती चिठ्ठी सुटते म्हणून बाकीच्या आया अंघोळीआधी ती काढून नळामागच्या लादीवर चिकटवून ठेवायच्या आणि नंतर परत लावायच्या. सगळीकडे हेच चालायचं. पण मावशींचं म्हणणं, चिठ्ठी काढायचीच नाही. भिजली तर भिजू दे. नवी बांधायची ती आईच्या खाटेजवळ, आईला वाचून दाखवून.

"मावशी, असं करत बसलं तर बारा पोरांना संध्याकाळ होईल," मी म्हणायची.

"होऊ दे. त्यांना कुठे ऑफिस गाठायचंय?" त्या म्हणायच्या.

माझा आणि नियमांचा जुना दावा. माझे वडील जालन्याला मिशनच्या शाळेत मास्तर. लहानपणी रोज संध्याकाळी आम्हा भावंडांना ओळीने उभं करून दहा आज्ञा म्हणायला लावायचे. जी चुकेल तिच्यासाठी एक छडी. माझ्या डोक्यात दहा आज्ञा म्हणजे दहा छड्याच बसल्या होत्या. मुंबईला आत्याकडे आले, नोकरीला लागले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर रविवारी चर्चला जाणं बंद केलं.

दुपारी बाळंतिणी झोपल्या की मी आणि मावशी गच्चीच्या जिन्यात बसून बँडेजच्या पट्ट्या कापायचो. एकदा त्यांनी विचारलंच, "उपासनेला का येत नाहीस गं?"

त्या दिवशी साहेबांनी आधीच माझं डोकं फिरवलं होतं. मी सुटलेच. "येऊन काय करू? हे करू नको, ते करू नको, तिकडे बघूसुद्धा नको! सगळ्या आज्ञा नको-नकोच्या. देवाला माणसांचा एवढा राग आहे तर बनवली कशाला?"

"सगळ्या नाहीत, आठच नकोच्या आहेत. दोन कर म्हणणाऱ्या आहेत," मावशी म्हणाल्या. मग कात्री खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझी कुठली चुकायची?"

मला वाटलं होतं आता कानफटात बसते. मी गडबडले. "नववी. नेहमी नववीच."

"खोटी साक्ष देऊ नको. तीच तर माझी," असं म्हणून त्या हसल्या आणि पट्ट्या बाजूला सारून मला त्यांनी ते सांगितलं. तोवर त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

राहुरीच्या बाजूचं खेडं. सुंदराबाई एकोणीस वर्षांची. नवरा मुंबईला गिरणीत. एका चैत्रात तो अचानक आला. ही माहेरी होती, तर स्वतःच्या घरी न जाता स्टेशनवरून थेट तिच्या माहेरी गेला, दोन दिवस राहिला आणि तसाच परत मुंबईला. महिनाभरात तिकडेच तापाने गेला. आणि हिला दिवस राहिलेले. सासरच्यांनी सरळ हात वर केले. आमचा मुलगा यंदा गावाकडे आलाच नाही, हे पोर आमचं नाही. चर्चच्या मंडळीचे पंच अंगणात बसले. माहेरच्यांची साक्ष कोण धरणार? राहता राहिला एक माणूस. धोंडिराम, बैलगाडीवाला. त्याने नवऱ्याला स्टेशनवरून आणलं होतं. पण धोंडिराम सासऱ्यांचा चुलतभाऊ, त्यांच्या घरात जेवणारा, आणि विहिरीच्या पाण्यावरून सुंदराबाईच्या माहेराशी त्याचं हाडवैर.

"त्याने 'नाही' म्हणून नुसती मान हलवली असती ना, तर माझी वाट लागली असती," मावशी म्हणाल्या. "सासू त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. तो उठला. म्हणाला, ही बाई मला आवडत नाही, हिचा बाप तर त्याहून नाही. पण मी त्याला गाडीत बसवून हिच्या दारात सोडला. आज्ञा आहे, त्याला मी काय करू? एवढं बोलून तो निघून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या एका वाक्यावर माझ्या राजारामला बापाचं नाव मिळालं."

माझी कात्री थांबली.

"धोंडिरामला माझी माया नव्हती गं. माया होती ती त्याला सांगून ठेवणाऱ्याची. मी जन्मायच्या कितीतरी आधी देवाने सांगून ठेवलं होतं, की बाबा, सुंदराबद्दल खोटं बोलू नको. त्या अंगणात मी एकटी उभी होते, कमल. माझ्या बाजूने तेवढी एक आज्ञाच होती. तू ऐकतेस तेव्हा तुला वाटतं छडी तुझ्यावर उगारलीय. अगं, त्याने सगळ्या जगाला बजावलंय, माझ्या कमलला मारू नका, तिचं काही चोरू नका, तिचं घर मोडू नका. आणि तेच तुला बाकीच्यांसाठी सांगितलंय. एवढंच आहे ते."

मला पटलं का? छे! मी म्हटलं, "मावशी, पट्ट्या कापा, चार वाजत आले." पण मनात कुठेतरी ते राहिलं असणार.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तो रविवार आला. आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्याकडे दोन मुलगे झाले होते. एक सगुणाचा. सगुणा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासे विकणारी. आधीच्या तीन मुली, हा चौथा. बाळंतपण जड गेलं होतं, पोराला एकदा अंगावर लावून बघितल्यावर इंजेक्शन देऊन तिला झोपवलं होतं. दुसरा शकूचा. शकू गिल्बर्ट हिलच्या खालच्या वस्तीतली, नवरा टेलिफोन खात्यात. लग्नाला नऊ वर्षं झालेली, पहिलंच मूल, तेही सीझर करून. दोन्ही पोरांच्या मनगटावर मावशींनीच स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या बांधल्या होत्या. रविवारी सकाळी त्या उपासनेला जायच्या आणि दहाला कामावर यायच्या, त्यामुळे सकाळच्या अंघोळी माझ्याकडे.

त्या वेळी आमच्याकडे नळाचं पाणी साडेसातला जायचं. उठायला मला उशीर झाला. सव्वासात झाले होते, बादल्या अर्ध्या, आणि न्हाऊ घालायची पोरं पाच. तिघं उरकली. शेवटच्या दोघांना मी एकदमच उचलून आणलं. दोघांच्या चिठ्ठ्या काढून लादीवर चिकटवल्या. दोघांना न्हाऊ घातलं, हॉस्पिटलच्या एकसारख्या पांढऱ्या पंच्यांत गुंडाळून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात लेबर रूममधून सिस्टर ओरडली, "कमल, धाव!" मी धावले. तिथे एका बाईला चक्कर येऊन ती खाली पडत होती, तिला धरलं, खाटेवर चढवलं. पाच मिनिटांत परत आले.

टेबलावर दोन पोरं. दोघं लालबुंद, दोघांच्या डोक्यावर भरपूर जावळ, दोघं डोळे मिटून. मी कुठलं कुठे ठेवलं होतं? डावीकडचं सगुणाचं की उजवीकडचं? देवा रे! एकदा वाटायचं हे, एकदा वाटायचं ते. बाहेर सिस्टरच्या पावलांचा आवाज आला आणि मी चिठ्ठ्या उचलल्या. त्यातल्या त्यात एक पोर जरा दांडगं वाटलं. म्हटलं, कोळणीचं पोर, अंगाने भरलेलंच असणार. त्याला सगुणाची चिठ्ठी लावली. दुसऱ्याला शकूची. बस्स, एवढा विचार केला मी दोन आयांच्या पोरांचा.

मग मनाला समजावत बसले. बरोबरच असेल. निम्मी शक्यता तर आहेच ना. आणि चुकलं असलं तरी कुणाला कळणार? सिनेमात कळतं, खऱ्या आयुष्यात कुठे कळतं?

दहाला मावशी आल्या. साडी बदलायच्याही आधी सगळे पाळणे बघायची त्यांची सवय. सगुणाच्या पोराजवळ त्या थांबल्या. "चिठ्ठी परत लावलीस?"

"ओली झाली होती म्हणून सुकवून लावली."

"आईसमोर?"

"हो." खोटं एवढ्या सहज बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दारात सिस्टरने काहीतरी विचारलं, तर मला ऐकू आलं, "कमलने बघितलंय ना, मग झालं." त्यांनी माझी खात्री दिली! एरवी शंभर प्रश्न विचारणारी बाई त्या दिवशी एका 'हो'वर गेली. मला रडायलाच आलं. म्हटलं, ओरडा ना हो मावशी, नेहमीसारख्या ओरडा.

तासाभराने सगुणाने हाक मारली. ती आता नीट जागी झाली होती, पोराला पाजत होती, तोंडभर हसत होती. "कमल, तुझ्या हाताला गुण आहे गं! काल हा तोंडच लावत नव्हता. आज बघ कसा पितोय, सोडायला तयार नाही."

मी बघितलं. पोर चटाचटा पीत होतं. आणि पलीकडच्या खाटेजवळ, शकूच्या पाळण्यातलं पोर बारीक आवाजात कुरकुरत होतं. शकू गुंगीत होती, तिने अजून धड त्याला घेतलंही नव्हतं. काल न पिणारं पोर आज कसं पितंय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शकूकडे बघत मी उभी राहिले. नऊ वर्षं थांबलेली बाई. तोंड उघडं टाकून झोपली होती, केस चिकटलेले. तिचं पोर तिच्यापासून चार फुटांवर दुसरीच्या छातीशी होतं आणि तिच्या वतीने बोलायला त्या खोलीत एकही माणूस नव्हता. नवरा नाही, आई नाही. होती ती फक्त मला सांगून ठेवलेली ती एक आज्ञा. लहानपणी दरवेळी मी विसरायची तीच. मला मावशींचं ते अंगण दिसलं आणि धोंडिराम दिसला. आणि छडीची भीती मला त्या क्षणी अजिबात वाटली नाही. मला शकूची दया आली, एवढंच.

मावशी मागच्या मोरीत दुपटी पिळत होत्या. मी जाऊन सगळं सांगून टाकलं. नळ, लादी, दांडगं पोर, सगळं. आईसमोर चिठ्ठी लावली हे खोटं सांगितलं, हेही सांगितलं.

मावशी तिथेच पालथ्या बादलीवर बसल्या. हातातलं दुपटं त्या पिळतच होत्या, पाणी संपलं तरी पिळत होत्या. मी वाट बघत होते शिव्यांची. त्यांनी एकच विचारलं, "बाकीची तीन पोरं?"

"ती एकेकच घातली. त्यांचं नक्की."

"शपथ नको घेऊ, नुसतं सांग."

"नक्की."

"ऊठ मग," त्या म्हणाल्या. खरं तर उभी मी होते आणि बसल्या होत्या त्या. आम्ही दोघी आधी वॉर्डात गेलो. आता पुढे आणखी घोळ नको म्हणून मावशींनी दोन्ही पोरांच्या तळपायांवर औषधाच्या जांभळ्या रंगाने खूण केली, एकाला एक टिंब, दुसऱ्याला दोन. मग मॅडमच्या खोलीत.

मॅडमनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मग केसपेपर मागवले. सगुणाचा रक्तगट ओ, शकूचा एबी. "देवाची कृपा," मॅडम म्हणाल्या. "एबी गटाच्या आईला ओ गटाचं मूल होत नाही. पोरांचं रक्त तपासलं तर बहुतेक कळेल." रविवार असूनही त्यांनी ओळखीच्या लॅबवाल्याला फोन करून घरून बोलावलं.

श्यामसुंदर साहेब कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ठीक आहे. रिपोर्ट येऊ दे. पोरं उलटसुलट निघाली तर हळूच बदलून टाका. बाळंतिणींना काही सांगायचं नाही. एक शब्द नाही. हॉस्पिटलचं नाव जाईल."

ऐकून मला केवढं हायसं वाटलं, काय सांगू! साहेबांवर पहिल्यांदाच प्रेम आलं. पोरंही आपापल्या आयांना मिळतील आणि मलाही कुणी काही बोलणार नाही.

मावशी म्हणाल्या, "साहेब, पोर दुसरीच्या अंगावर प्यायलंय. त्यांना कळायला पाहिजे."

"तुम्ही मला शिकवू नका सुंदराबाई. राहता ती खोली कुणाची आहे, विसरलात काय?"

"खोली तुमची आहे साहेब," मावशी म्हणाल्या. "पोरं तुमची नाहीत."

मला त्यांची नातवंडं आठवली. लेथवरच्या कमाईत राजारामला अंधेरीत दुसरी खोली मिळणार होती का? चूक माझी आणि घर जाणार मावशींचं. हे माझ्याच्याने ऐकवेना. साहेब परत तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मॅडम, मी सांगते. माझं मी सांगते त्यांना."

मॅडमनी नवऱ्याकडे बघितलं नाही. खुर्चीवरचा पांढरा कोट उचलला. "चल. मी पण येते."

सगुणाला सांगितलं तर तिने पोर एका हातात धरून दुसऱ्या हाताने मला एक थोबाडीत ठेवून दिली. मासेवालीचा हात तो, कान दुपारपर्यंत वाजत होता. शकूला जागं करून सांगितलं. ती रडली नाही की ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग माझं कुठलं?" मार परवडला, पण ते ऐकवत नव्हतं.

लॅबवाला दोन्ही पोरांच्या टाचांमधून रक्त घेऊन गेला. रिपोर्टला दोन तास. पाळण्यातलं ते भुकेलं पोर आता टाहो फोडायला लागलं. शकूला टाके होते, उठून बसता येत नव्हतं, दूधही अजून उतरलं नव्हतं. सगुणा थोडा वेळ ऐकत राहिली. मग खाटेवरून उतरली, भिंतीला धरत धरत शकूच्या खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "आण इकडे त्याला. कुणाचं असेल ते असू दे, उपाशी कशाला ठेवायचं?" पाळण्यातलं पोर तिने स्वतःच्या छातीला लावलं. पहिल्यांदा ते पिईना. ती त्याच्याशी बोलत राहिली, चुचकारत राहिली, शेवटी ते प्यायला लागलं. आणि पोट भरलेलं ते दुसरं पोर तिने शकूच्या कुशीत ठेवलं. दोघी कितीतरी वेळ तशाच. मावशींनी त्यांच्या पाठीशी उशा लावल्या आणि कोपऱ्यात जाऊन प्रार्थना करत बसल्या. मी दाराजवळ जमिनीवर.

दोन वाजून गेल्यावर रिपोर्ट आला. शकूच्या पाळण्यातलं पोर ओ गटाचं. म्हणजे शकूचं असूच शकत नव्हतं. चिठ्ठ्या मी उलट्याच लावल्या होत्या. आता शकूच्या कुशीत होतं ते तिचंच पोर. तिने ऐकलं आणि त्या पोराला असं आवळून धरलं की मॅडमना म्हणावं लागलं, "अगं, टाके आहेत तुला, हळू." मग मात्र ती रडली. मीही रडले. मी गप्प राहिले असते तर? तो विचार आजही मनात आला की मी हातातलं काम ठेवून देते.

तोवर सगुणाचा नवरा महादू आला होता, सोबत तिची सासू आणि कोळीवाड्यातले सात-आठ जण. बातमी ऐकून त्यांनी जिना डोक्यावर घेतला. "कोण ती आया? तिला आधी बाहेर काढा!"

साहेबांना तेच पाहिजे होतं. "काढतो, आत्ताच्या आत्ता काढतो. कमल, तुझं सामान उचल. आणि सुंदराबाई, तुमचंही बघू."

मी उठले. खोटं कशाला सांगू, मला राग आला नाही. चूक केली होती, शिक्षा होणारच. मावशींचं काय, एवढीच काळजी होती. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि माझा हात धरला.

"थांबा ओ," सगुणा खाटेवरून ओरडली. बाजारात गिऱ्हाइकाला थांबवतात तसा आवाज. सगळ्यांनी वळून बघितलं. "हिला काढलंत ना, तर उद्या दुसरी अशीच चुकेल आणि तोंड शिवून बसेल. मग कुणाचं पोर कुणाच्या घरात वाढेल, काही पत्ता लागेल काय? ही बोलली म्हणून माझा मला मिळाला."

"अगं, पण हिनेच तर," महादू बोलायला लागला.

"हिनेच केलं, त्याची मी हिच्या तोंडात दिली. ते मिटलं. बोलली त्याचं काय द्यायचं ते बोला."

मॅडम पुढे झाल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "कुणीही कुठेही जाणार नाही. आणि उद्यापासून अंघोळ सुंदराबाईंच्या पद्धतीने." साहेब पाय आपटत खाली गेले. मावशींची खोली राहिली. पुढे चार वर्षं त्या तिथेच होत्या. राजारामने राहुरीला घर बांधल्यावर तिकडे गेल्या, अजून धडधाकट आहेत आणि पोस्टकार्डातून मला ओरडत असतात.

पण त्या दुपारी मी अजून दाराजवळच उभी होते. गाल सुजलेला, पदर ओला. सगुणाने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता आणखी काहीतरी ऐकवणार. तिने कुशीतलं पोर उचललं आणि सरळ माझ्यापुढे धरलं.

"घे. मला जरा पाठ टेकू दे. सकाळपासून बसलेय."

माझे हात पुढे होईनात. सासू काहीतरी पुटपुटली. सगुणा म्हणाली, "घे गं. खरं बोलणारीच्या हातात देतेय, मला झोप लागेल."

मी त्याला घेतलं. ती कुशीवर वळली आणि खरंच, बघता बघता झोपली.